बिल थकलं, वर फोटोही ढापला. कोर्टात जावं का?

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या वाचकाचं पत्र आहे. गेल्या वर्षी एप्रिल-मेमध्ये त्यांनी लातूर शहरातल्या एका खासगी क्लासचं काम केलं. माहितीपुस्तिकेचे फोटो, गुणवंतांचा सत्कार, ड्रोनने इमारतीचं चित्रीकरण असं सगळं मिळून १,८५,००० रुपये ठरले. त्यांतले ६०,००० दिल्याचं क्लासवाले सांगतात, खात्यात मात्र ५४,०००च जमा झाले. उरलेल्या १,२५,०००साठी वर्षाहून जास्त काळ चकरा चालू आहेत. मालक त्यांच्याच गावचे, दोन्ही घरांचा घरोबा. "घरचंच काम हाय, पळून चाललोय का मी?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

यंदा जूनमध्ये बार्शी रोडवर त्याच क्लासचं होर्डिंग लागलं. त्यावर या वाचकाने आपल्या शेतात, हौसेने काढलेला पुतणीचा फोटो आहे. लिंबाखाली बाज टाकून मुलगी पुस्तक वाचत बसलीय. क्लासच्या मोबाइल नंबराला जागा करायला फोटो आरशात दिसावा तसा उलटा केलाय आणि कोपऱ्यातलं स्टुडिओचं नाव पुसलंय.

वकिलांनी ३५,००० फी सांगितली, कोर्ट फी वेगळी. पत्नीने ऑर्डरच्या वहीत मागच्या पानावर हिशेब मांडला: तीन वर्षं, महिन्याला एक तारीख, प्रत्येक तारखेला बुडालेला दिवस आणि येणंजाणं मिळून ३,०००. म्हणजे १,०८,०००, वर वकील. एकूण १,४३,०००. "सव्वा लाखासाठी दीड लाख घालायचे का?" असं त्या विचारतात. भाऊ म्हणतो, पोलिसात फसवणुकीची तक्रार टाक. आणि वाचकाला भीती, की कोर्टात गेलो तर लातुरात पुन्हा कुणी काम देणार नाही. कॅमेऱ्याच्या कर्जासाठी तीन वर्षांपूर्वी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, केल्याचा उल्लेखही पत्रात जाता जाता आलाय.

---

तुमच्या पत्नींचा हिशेब मला आवडला. निम्मे लोक कोर्टाचा विचार रागाने करतात आणि उरलेले भीतीने. आकडे मांडून फार थोडे करतात. पण त्यातला सगळ्यांत मोठा आकडा, तो १,०८,०००चा, तितका पक्का नाही.

दिवाणी दाव्यात दर तारखेला पक्षकाराने हजर राहावं लागत नाही. तुमचं वकीलपत्र घेतलेला वकील हजर असतो. बऱ्याच तारखा समन्स बजावणी, म्हणणं दाखल करणं, मुदत मागणं यांतच जातात. तुमची खरी गरज लागते ती पुराव्याच्या वेळी: शपथपत्र, उलटतपासणी, आणि तडजोडीची बोलणी झाली तर तेव्हा. ते दिवस हाताच्या बोटांवर मोजता येतील. तुम्हाला सर्वांत महाग दिवस म्हणजे लग्नतिथीचा, आणि मे महिन्यातल्या दाट तिथींच्या वेळी कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते. तेव्हा तो १,०८,०००चा आकडा खुशाल बराच खाली आणा.

आता दुसरी बाजू. त्या कागदावर एक खर्च मांडलेलाच नाही: जिंकल्यानंतरचा. कोर्टाने हुकूमनामा दिला म्हणजे पैसे हातात पडले, असं होत नाही. समोरच्याने तरीही दिले नाहीत तर दरखास्त लावावी लागते, म्हणजे अंमलबजावणीचं नवं प्रकरण, नव्या तारखा. बँक खातं जप्त करायचं तर ते खातं कुठं आहे हे तुम्हालाच सांगावं लागतं. दरखास्तीला बारा वर्षांची मुदत आहे, याचा अर्थ लोकांना तितका वेळ लागू शकतो हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून "मी जिंकेन का?" याच्या आधीचा प्रश्न असा, की जिंकलो तर वसूल कुणाकडून आणि कशातून होणार?

इथे तुमची बाजू बरी आहे. समोर चालू धंदा आहे. इमारत आहे, दर जूनला फी जमा होते, नाव जपायचं आहे. क्लास बंद करून पुण्याला निघून गेलेल्या माणसामागे धावण्यापेक्षा हे फार वेगळं. फक्त एक गोष्ट आजच तपासा: तुमचं बिल नेमकं कुणाच्या नावे आहे? पाटीवर क्लासचं नाव असतं, पण कागदावर ती कधी संस्था असते, कधी भागीदारी, कधी प्रायव्हेट लिमिटेड, कधी मालकाच्या पत्नीच्या नावचा एकल व्यवसाय. चुकीच्या नावावर नोटीस किंवा दावा गेला तर वर्ष-सहा महिने तिथेच जातात.

याचं उत्तर बहुधा त्या गायब ६,०००मध्ये सापडेल. ६०,०००वर १० टक्के म्हणजे ६,०००, म्हणजे त्यांनी टीडीएस, पैसे देतानाच कापून सरकारजमा करायचा प्राप्तिकर, कापलेला दिसतोय. प्राप्तिकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनने लॉगिन करून फॉर्म २६एएस उघडा, नाहीतर तुमच्या कर सल्लागाराकडून काढून घ्या. कापणाऱ्याचं खरं नाव तिथे असेल. त्याहून महत्त्वाची आहे ती रक्कम. रक्कम खतावणीत तुमच्या नावे जमा दाखवली किंवा प्रत्यक्ष दिली, यांतलं जे आधी होईल तेव्हा टीडीएस कापायचा असतो. म्हणून २६एएसमध्ये ६०,०००ऐवजी १,८५,००० दिसले, तर त्यांनी आपल्या वहीत तुमचं पूर्ण बिल मान्य केलंय. मग "काम नीट नव्हतं" म्हणायला तोंड उरत नाही. काहीच दिसलं नाही, तर ते ६,०००ही येणे आहेत. रिटर्न भरत नसलेल्या कितीतरी फोटोग्राफरांचा असा सरकारजमा झालेला पैसा तसाच पडून राहतो.

भावाच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात. बिल थकवणं म्हणजे फसवणूक नव्हे. काम देतानाच पैसे बुडवायचा हेतू होता, हे दाखवावं लागतं. तुम्हाला तर ६०,००० दिलेले आहेत. ठाण्यात "ही दिवाणी बाब आहे" असं उत्तर मिळेल, आणि ते बरोबर असेल. व्हॉट्सॲप स्टेटसवर मालकाचं नाव टाकून बदनामी करायचा विचारही सोडा. उद्या नोटीस तुम्हालाच येईल आणि सव्वा लाखाचा विषय बाजूला पडेल.

आता तुमच्या पत्रातलं मोठं गृहीतक. तुम्ही लिहिता, "पैसेच दिले नाहीत, म्हणजे फोटो सगळे माझेच. सगळे काढायला लावतो." इथे जरा थांबा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढणाराच त्याचा पहिला हक्कदार मानला आहे, पण त्याला अपवाद आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदल्यासाठी फोटो काढला आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला हक्क काम सांगणाऱ्याचा. मोबदला थकला म्हणून तो हक्क आपोआप तुमच्याकडे परत येतो, असं धरून चालणं धोक्याचं आहे. माहितीपुस्तिका, सत्कार, ड्रोन या सगळ्यात तुमचं म्हणणं "माझे पैसे द्या" एवढंच पक्कं आहे.

लिंबाखालच्या फोटोचं तसं नाही. तो कुणी सांगितला नव्हता, कुणी पैसे ठरवले नव्हते. तो पूर्णपणे तुमचा आहे. त्यासाठी कॉपीराइटची नोंदणी असावी लागत नाही, हक्क फोटो काढताक्षणी जन्मतो. तो विचारल्याशिवाय जाहिरातीला वापरणं हे उल्लंघन. दावा जिल्हा न्यायालयात लागतो आणि तुम्ही जिथे राहता-धंदा करता तिथल्या न्यायालयात तो लावायची सोय कायद्यात आहे. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. "जाणूनबुजून" हा शब्द अशा खटल्यात फार अडचणीचा ठरतो. "नेटवर मिळाला, डिझायनरने टाकला" म्हणून माणसं सुटू पाहतात. पण इथे नाव पुसलेलं आहे. मूळ फोटोत उजव्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव, होर्डिंगवर उलटलेल्या फोटोत डाव्या कोपऱ्यात मातीचा पुसट पट्टा. ज्याने तो पट्टा ओढला त्याने तुमचं नाव वाचलं होतं. हक्कदाराची ओळख सांगणारी माहिती मुद्दाम काढून टाकणं हा २०१२च्या दुरुस्तीपासून वेगळा गुन्हाही आहे. पुतणीचा चेहरा "आमची विद्यार्थिनी" असल्यासारखा वापरला, त्याबद्दल तिच्या आईवडिलांनी स्वतंत्र पत्र द्यावं. ते तुमच्या नोटिशीत घुसडू नका.

म्हणून माझं पहिलं सांगणं: ही दोन भांडणं वेगळी करा. पत्रात तुम्ही ती एकत्र मळलीत, आणि तसं होणं स्वाभाविक आहे. बिल थकलं तेव्हा तुम्ही चिडला होता, होर्डिंग दिसलं तेव्हा दुखावलात. पण एका नोटिशीत दोन्ही घातली तर समोरचा होर्डिंग उतरवेल, "झालं ना समाधान?" म्हणेल आणि सव्वा लाख पुन्हा लांबणीवर. फोटोची वेगळी नोटीस, फोटोच्या वापराचं वेगळं बिल. त्याआधी होर्डिंगचे फोटो तारीख आणि ठिकाण दिसेल असे काढून ठेवा, त्याच दिवशीचं वर्तमानपत्र हातात धरून एक काढला तर उत्तम. मूळ रॉ फाइल आणि त्या दिवशीच्या आधीच्या-नंतरच्या फ्रेम्स वेगळ्या डिस्कवर टाका. चोराकडे एकच फोटो असतो, काढणाऱ्याकडे त्याच्या मागचे-पुढचे वीस. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. व्हॉट्सॲपवरच्या "हो, पाठवतो पैसे" या संदेशांनाही तेच लागू. मोबाइल बदलू नका, चॅट पुसू नका.

आता पैशांकडे. तुम्ही ज्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत केलात, ती उद्यम नोंदणी या सगळ्या पत्रातली सर्वांत किमती गोष्ट आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६च्या कायद्यात सेवा देणारेही येतात, फक्त कारखानेवाले नाहीत. लेखी मुदत ठरली नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि ठरली असली तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. काम दिल्यावर १५ दिवसांत लेखी तक्रार केली नाही तर काम स्वीकारलं असं धरलं जातं, त्यामुळे आता वर्षाने "फोटो अंधारे होते" म्हणण्याला वजन नाही. अर्ज ऑनलाइन करता येतो, तो याच कायद्याखाली थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे जातो. आधी समेटाचा प्रयत्न, न जमल्यास लवाद. परिषदेचा निवाडा मान्य नाही म्हणून समोरचा कोर्टात गेलाच, तर निवाड्यातल्या रकमेचे ७५ टक्के आधी भरावे लागतात. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून घेतलेल्या कुठल्याही वचनापेक्षा ही अट जास्त काम करते.

कायद्यात ९० दिवसांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तेवढ्यात होईल असं समजू नका. तुमची नोंदणी कामाच्या आधीची आहे, हे फार बरं झालं. ज्यांनी काम झाल्यावर नोंदणी केली त्यांना त्या जुन्या बिलाचा फायदा देण्याबाबत कोर्टांनी हात आखडता घेतलेला आहे. प्रमाणपत्रात तुमचा व्यवसाय फोटोग्राफीची सेवा म्हणून लिहिला आहे ना, एवढं पाहून घ्या. अडलं तर लातूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. आणि हे वाचणाऱ्या ज्या फोटोग्राफर, व्हिडिओवाले, मंडपवाले, डीजेवाल्यांनी नोंदणी केलेली नाही, त्यांनी ती करून टाकावी. सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे. नेट कॅफेवाला हजार रुपये मागेल, देऊ नका.

नोटिशीत आणखी एक टेकू वापरता येईल. क्लास कंपनी किंवा फर्म म्हणून चालत असेल तर २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून लघुउद्योगांचं ठरल्या मुदतीत न दिलेलं बिल, प्रत्यक्ष देईपर्यंत, त्यांना खर्चात धरता येत नाही. हे वाक्य मालकाला समजणार नाही, पण त्यांच्या सीएला चटकन समजेल, आणि सीएचा फोन तुमच्या दहा चकरांपेक्षा भारी पडतो. संस्था करमुक्त ट्रस्ट असेल तर हा टेकू फारसा चालणार नाही.

घरोब्याचा विचार मी हलका मानत नाही. उद्या त्यांच्याच घरच्या लग्नात तुमचा आणि त्यांचा समोरासमोर जेवणाचा प्रसंग येणार. अशा वेळी लोक अदालत चांगली. दावा न लावताही, दाखलपूर्व प्रकरण म्हणून तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज देता येतो, खर्च नाही. समोरच्याला नोटीस जाते ती तुमच्या वकिलाची नसते, विधी सेवेची असते. गावात तिचा अर्थ "भांडायला आला" असा न होता "मिटवायला बोलावलंय" असा होतो. तडजोड झाली तर ती दिवाणी हुकूमनाम्याइतकीच पक्की, तिच्यावर अपील नाही. उणीव एकच, समोरचा आलाच नाही किंवा तयार झाला नाही तर तिथे सक्ती नाही. ठिकाण माहीत नसेल तर १५१०० हा विधी सेवांचा क्रमांक आहे.

राहिलं "पुन्हा काम मिळणार नाही" हे. खरं सांगू? लातुरात क्लासेस एकमेकांचे स्पर्धक आहेत. एकाने तुमचं बिल बुडवलं हे ऐकून दुसरा फार तर हसेल, तुम्हाला टाळणार नाही. टाळतील ते, ज्यांचा तुमचंही बिल बुडवायचा बेत होता. ती भीती खरी आहे की दीर्घ ओळखीचा संकोच आहे, हे एकदा स्वतःला विचारा. संकोच असेल तर त्याला माझ्याकडे उपाय नाही, पण त्याची किंमत सव्वा लाख आहे, एवढं समजून पुढचा निर्णय घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. या आठवड्यात वकिलाकडून फक्त नोटीस लिहून घेतली असती, पूर्ण दाव्याची फी न ठरवता. बिलाची एक, फोटोची एक, दोन्ही स्पीड पोस्टाने पोचपावतीसह. बिलाच्या नोटिशीत व्याजाची मागणी आणि त्याची तारीख स्पष्ट लिहून घेतली असती, कारण दर ठरलेला नसताना कोर्टही बहुधा अशा लेखी मागणीपासून व्याज मोजतं. उत्तर मऊ आलं तर लोक अदालत. ताठ आलं किंवा आलंच नाही तर सुविधा परिषद. दिवाणी दावा सर्वांत शेवटी, पण मुदतीच्या आत. काम झाल्यापासून तीन वर्षं, म्हणजे पुढच्याच्या पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत. ती तारीख स्टुडिओतल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तिच्या सहा महिने आधी वकिलाला भेटा. मालकाने मध्येच "हिशेब करून टाकू" म्हटलं तर लेटरहेडवर बाकी रकमेसह सही-शिक्क्याचं पत्र मागा. मुदतीच्या आत अशी लेखी कबुली मिळाली तर तीन वर्षं त्या तारखेपासून नव्याने मोजली जातात.

पुढच्या कोटेशनमध्ये मात्र दोन ओळी घालायला आजच सुरुवात करा. "पूर्ण रक्कम मिळेपर्यंत सर्व छायाचित्रांचे हक्क छायाचित्रकाराकडे राहतील" ही एक. आणि शेवटचा हप्ता मिळाल्यावरच मोठ्या आकाराच्या फाइल्स, ही दुसरी. वर समोरच्याची सही. लग्नवाल्यांना हे जड वाटेल, तिथे अल्बमच तुमच्या हातात असतो. क्लास, हॉस्पिटल, बिल्डर, पुढारी यांच्या कामाला ही सही घेतल्याशिवाय कॅमेरा उचलू नका.

हप्त्यांवर तडजोड झाली तर तोंडी वायदा घेऊ नका, तारखा घातलेले चेक घ्या. चेक वटला नाही तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, तिला पोचल्यापासून १५ दिवस, त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. यातला एक टप्पा चुकला की हातचं जातं. ही तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या हद्दीच्या कोर्टात लागते, म्हणजे तुमच्याच गावी.

आणि तुमच्या पत्नींना आकडा हवाय, तर हा घ्या. व्याज सोडून, एकरकमी, खात्यात जमा अशी १,१०,०००ची तयारी दिसली तर मी आनंदाने मिटवेन. ९०,००० म्हणाले तर एक रात्र विचार करून बहुधा घेईन, कारण पुढची दोन-तीन वर्षं डोक्यात हा विषय घेऊन शूटिंग करण्यालाही काही मोल आहे. त्याखाली गेले तर परिषदेचा अर्ज भरायला बसा. होर्डिंगचा विषय या रकमेत मिसळू देऊ नका: त्याचं वेगळं बिल, वेगळी पावती, आणि बोलणी सुरू होण्याआधी तो फोटो बार्शी रोडवरून उतरलेला हवा.